उजवं खोकं

कुठल्याही वस्तूशी ओळख करून घ्यायची मिस्तरींची एक पद्धत होती. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं, दोनदा टकटक करायचं, मान डावीकडे झुकवायची आणि डोळे मिटून ऐकायचं. दार असो, पाट असो, नाहीतर हातगाडीवरचं कलिंगड. ऐकून झालं की निकाल. निकाल दोनच असायचे. एक, "भरेल शे," म्हणजे भरलेलं आहे. दुसरा, "रिकामं वाजस."

आम्ही सुरतेत, डिंडोलीत राहायला आलो तेव्हा आमच्या खाटेचा एक पाय हलत होता. मी मिस्तरींना बोलावलं आणि तो पाय कसा बसवावा यावर त्यांना पाच मिनिटं मार्गदर्शन केलं. मी पांडेसऱ्याच्या एका रंगाई मिलमध्ये डिस्पॅच क्लार्क आहे. साड्यांच्या गठ्ठ्यांवर नंबर घालणं सोडून जगातल्या बाकी सगळ्या कामांची मला चांगली माहिती आहे. मिस्तरींनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले, माझ्या कपाळावर दोनदा टकटक केलं आणि डोळे मिटले.

"भाऊ," ते म्हणाले, "रिकामं वाजस."

माझी बायको इतकी हसली की तिने त्यांना चहाबरोबर खारी दिली. तेव्हापासून ते आमचे झाले.

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. काम निघालं की आपण त्यांना हाका मारतो, आणि काम नसलं की त्यांच्या दारावरून जाताना मोबाइलमध्ये डोकं घालतो. मीही तेच करायचो. त्यामुळे हे लिहिताना मला फार साळसूद होता येणार नाही.

मिस्तरी मूळचे खानदेशातल्या शिरपूरकडचे. सुरतेत आले ते लूमची लाकडी कामं करायला. जुन्या लूममध्ये धोटा इकडून तिकडे फेकला जायचा. त्या धोट्याची पेटी, त्याला फटका मारणारी दांडी, सगळं लाकडाचं. लिंबायतच्या कारखान्यात शेकड्याने लूम एकदम खडखडत असताना मिस्तरी मधल्या वाटेने चालत जायचे, एकाच्या पुढे थांबायचे आणि सांगायचे, याची दांडी तडकली आहे. तडा डोळ्यांना दिसायचा नाही. दोन दिवसांनी दिसायचा. पुढे पाण्याच्या धारेवर धागा फेकणारी मशीनं आली. धोटा गेला, दांडी गेली, मिस्तरींचं काम गेलं.

"आता पानीवर काय ठोकू?" ते विचारायचे.

मग त्यांनी डीजेवाल्यांची खोकी करायला घेतली. आमच्या खानदेशी माणसांत हळदीला डीजे नसेल तर हळद अंगाला लागली असं कोणी मानत नाही. स्पीकर बाजारातून यायचा, पण त्याचं लाकडी घर मिस्तरींच्या हातचं असायचं.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली आक्का म्हणायची. आक्का घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायची. सकाळी एक गठ्ठा यायचा, संध्याकाळी जायचा, आणि मधल्या वेळात आक्का उंबऱ्याबाहेर आलेली मी फारशी पाहिली नाही. साडीच्या कडेच्या कापलेल्या पट्ट्या ती जमवून ठेवायची आणि त्यांच्या गोधड्या शिवायची. गल्लीत बाळंतीण आली की तिला एक गोधडी. आमच्या मुलीच्या वेळची अजून आमच्याकडे आहे. टाके इतके बारीक, की मुंग्या ओळीने निघाल्यासारखे वाटतात.

आक्का गेली. एकुलती एक मुलगी शिरपूरला दिलेली. मिस्तरी एकटे राहिले. एकदा मी त्यांना बोलवायला गेलो तर आतून टकटक ऐकू येत होती. दार उघडंच होतं. मिस्तरी खोलीच्या भिंती वाजवून बघत होते. एक भिंत झाली की दुसरी.

"रिकामं वाजस, भाऊ," मला पाहून ते म्हणाले.

अशा वेळी माणसाने गप्प बसावं. मी म्हणालो, "मिस्तरी, पोकळ ब्लॉकची भिंत आहे. ती तशीच वाजणार."

त्यांनी मान हलवली. "हां," म्हणाले. "ब्लॉक पोकळ व्हई."

आता आमच्या मुलीकडे येतो. सोनल रिंग रोडच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर साड्यांची डिझाइनं करते आणि उरलेल्या वेळात डीजे आहे. तेही हळदीचा नाही. ती वाजवते त्याला डबस्टेप म्हणतात. तिने मला ते पहिल्यांदा मोबाइलवर ऐकवलं. मधूनमधूनची टिकटिक सोडली तर मला काहीच ऐकू आलं नाही.

"पप्पा, याचा खरा आवाज इतका खालचा असतो की मोबाइलमध्ये मावतच नाही," ती म्हणाली.

मला हे संगीत फार आवडलं. बिल्डिंगमध्ये मात्र मी, मुलगी साउंडचा काहीतरी कोर्स करते, असं सांगून ठेवलं होतं.

वेसूच्या बाजूला एका नव्या कॉम्प्लेक्सच्या तळघरात, जिथे अजून गाड्या यायच्या होत्या, या पोरांनी क्लब काढला होता. पाटी नाही, जाहिरात नाही, फक्त फोनवर निरोप. नाव क्लब नाइट आणि वेळ रविवारी दुपारी चारची, कारण अर्ध्या पोरींना साडेआठला घरच्या ताटावर बसायचं असतं. तिथे सोनलला पहिल्यांदा एकटीला तासभर वाजवायचं होतं. त्यासाठी तिला दोन मोठी खोकी हवी होती, फक्त खालच्या आवाजासाठी.

मिस्तरींनी तिचं सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉपच्या झाकणावर टकटक केलं. "रिकामं वाजस, माय," म्हणाले, आणि प्लाय कापायला बसले.

खोक्याच्या पोटात मऊ काहीतरी भरावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. नाहीतर आवाज आतल्या आत भिंतींवर आपटतो आणि खोकं भणभणतं. मिस्तरी मला म्हणाले, "भाऊ, मिलमधून चिंधी आण. दोन खोक्यांची."

मी म्हणालो, "दोन काय, ट्रकभर आणतो."

आणि विसरलो. जिथे चिंध्या पायात येतात अशा मिलमध्ये रोज आठ तास बसणारा मी, सलग सहा दिवस विसरलो. शनिवारी आठवलं तेव्हा शिफ्ट सुटत होती. दारापाशी जी पिशवी सापडली ती उचलली. ती खळ लावलेली कडक चिंधी निघाली, आणि तीही डाव्या खोक्यापुरतीच.

संध्याकाळी मिस्तरींच्या खोलीत मी आणि सोनल. डावं खोकं भरून तयार, उजवं आ वासून बसलेलं. मिस्तरी खोक्यांच्या कड्या आणायला बाजारात गेलेले.

"पप्पा, तुम्हाला एकच काम सांगितलं होतं," सोनल म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

बापाचं मोठेपण दाखवायची वेळ हीच. मी इकडेतिकडे पाहिलं. खाटेखाली जुन्या लुगड्यात बांधलेलं एक गाठोडं होतं. कोपऱ्यातून साड्यांच्या पट्ट्या डोकावत होत्या. चिंधीच! मिस्तरींच्याच घरात चिंधी आणि मला मिलमध्ये पाठवतात, असं काहीतरी पुटपुटत मी गाठोडं सोडलं आणि आतली गुंडाळी खोक्यात कोंबली. उलगडून पाहिली नाही. कोंबताना बोटाला काहीतरी टोचलं. सुताराच्या घरात खिळे कुठेही असायचे, असं म्हणून मी बोट चोखलं. सोनलने वर स्पीकर बसवला आणि आठ स्क्रू पिळून टाकले.

मिस्तरी आले. बोट वाकवलं. डाव्या खोक्यावर टकटक. तोंड वाकडं केलं. उजव्यावर टकटक. मान झुकवली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

"काय भरं आठे?"

"चिंधी," मी म्हणालो. "तुमच्याच खाटेखाली होती. बघा, शोधणाऱ्याला सगळं सापडतं!"

मिस्तरींनी खाटेखाली पाहिलं. रिकामं लुगडं उचललं, झटकलं, त्याची घडी केली.

"बरं," ते म्हणाले.

घरी येऊन मी बायकोला माझा पराक्रम सांगितला. ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं.

"अहो, ती चिंधी नव्हती," ती म्हणाली. "ती आक्काची गोधडी. शेवटची. ती दवाखान्यात गेली तेव्हा अर्धी राहिली होती. मिस्तरींनी तशीच ठेवलीय, सुई होती तिथे टोचलेली. आम्हा बायकांना हातसुद्धा लावू दिला नाही त्यांनी. तुम्हाला कळलं नाही?"

मी माझ्या बोटाकडे पाहिलं. टोचल्याची खूण अजून लाल होती.

रविवारी सकाळी मी त्यांच्या दारात उभा राहिलो. "मिस्तरी, चूक झाली. आत्ताच्या आत्ता काढून देतो. आठच स्क्रू आहेत."

"आणि मग काय भरशील? तुनं डोकं?" ते म्हणाले. "चारले पोरनं वाजवनं शे. पह्यले तिनं व्हऊ दे." मग त्यांनी शर्टाच्या खिशात डिसमिस खोचला. सुरतेत स्क्रू पिळायच्या हत्याराला डिसमिसच म्हणतात. "मी येस संगे. झालं की काढी लिसू."

असे आम्ही दोघं क्लबात गेलो. तळघरात लाल-निळे दिवे, भिंतींना अजून ओल्या सिमेंटचा वास, आणि साठसत्तर पोरंपोरी हातात थंड कोकोचे ग्लास घेऊन उभी. गुजरातेत दारूबंदी आहे. आमच्याकडची तरुण पिढी कोको पिऊन बिघडते. आम्हाला पाहून एक मुलगी म्हणाली, "अंकल, मेंटेनन्सवाळा छो?" मी होय म्हणालो. आमच्यातला एक तरी होताच.

मिस्तरींनी रंगाचा एक रिकामा डबा उलटा केला आणि उजव्या खोक्याला खेटून बसले. तळहात खोक्याच्या कुशीवर ठेवला.

सोनलने सुरू केलं. एका कानाला हेडफोन, दुसरा कान मोकळा, मान किंचित डावीकडे. ती लकब कुठून उचलली ते मला तिथे कळलं. संगीत संथ होतं. लांब लांब ठोके, आणि खालून काहीतरी घरघरत, डुलत येत होतं. मिस्तरी माझ्याकडे वळून म्हणाले, "पट्टा ढिला शे." लूमचा पट्टा सैल झाला की असाच आवाज येतो म्हणे.

मग सगळं एकदम थांबलं. नुसती शांतता. कारखान्यात वीज जाते तेव्हा होते तशी. पोरांनी हात वर धरून ठेवले. आणि वीज परत यावी, शेकडो लूम एका क्षणात चालू व्हावेत, तसा तो खालचा आवाज पडला. कानाने ऐकायचा आवाजच नव्हता तो. माझं बनियन शर्टाच्या आत हललं. माझ्या कोकोवर गोल गोल वळ्या उठल्या.

आणि डावं खोकं भणभणू लागलं. माझी खळ लावलेली चिंधी! पोरं कान टवकारून बघायला लागली. मागे कोणीतरी हसलं. सोनलचा चेहरा पडला. तिने दोन्ही खोक्यांकडे एकेकदा पाहिलं, वाकून ओरडली, "मिस्तरीबाबा, सगळं उजव्यावर टाकू? झेपेल?"

मिस्तरींनी हात खोक्यावरच ठेवला होता. सगळा भार आत गेला तर त्या गोधडीचं काय होईल, हे त्यांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. ती उसवू शकली असती. मी त्यांच्या खिशातल्या डिसमिसकडे पाहत होतो.

"टाक, माय," ते म्हणाले.

तिने डावं बंद केलं. पुढचा पाऊण तास ते सगळं तळघर उजव्या खोक्याने एकट्याने हलवलं. आवाज गोल, भरीव, कुठे चिरकणं नाही, कुठे भणभण नाही. पोरं डोळे मिटून नाचत होती. मिस्तरीही डोळे मिटून बसले होते. फरक एवढाच, की ते हलत नव्हते. त्या गर्दीत एवढा एकटा माणूस मी पाहिला नाही, आणि त्याच्या शेजारी उभा राहून कोको पिणारा मूर्खही दुसरा नव्हता.

संपलं. पोरं सोनलभोवती जमली. मिस्तरींनी डिसमिस काढला, गुडघ्यावर बसले, पहिल्या स्क्रूला टोक लावलं. मी गोधडी घ्यायला हात पुढे केले. ते थांबले. डिसमिस खाली ठेवला, बोट वाकवलं, टकटक केलं. ऐकलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"का?"

ते नाचून दमलेल्या, घामाघूम पोरापोरींकडे बघत होते. "मी तिले कधी माणसंमा लई नही गऊ," ते म्हणाले, आणि मला उंबऱ्याबाहेर कधी न नेलेली आक्का आठवली.

मी पुढे केलेले हात मागे घेतले, काहीही मार्गदर्शन न करता. पहिल्यांदाच.

त्यानंतर सोनलचा एकही कार्यक्रम मिस्तरींनी चुकवला नाही. शुक्रवारपासून विचारायचे, "माय, या रविवारले शे का?" असला की इस्त्रीचा शर्ट, उलटा डबा, उजवं खोकं. पोरांनी त्यांचं नाव 'चेकिंगवाले दादा' ठेवलं होतं. नसला, की आमच्या घरी यायचे. खोकी आमच्या पॅसेजमध्ये चादरीखाली असायची. बायको चहा द्यायची. मिस्तरी एक हात खोक्यावर ठेवून बसायचे, कप संपवायचे आणि जायचे. मी टीव्हीचा आवाज कमी करायचो. मला जमणारी माणुसकी तेवढीच.

एकदा म्हणाले, उजव्या खोक्याचा कोपरा सुटलाय, आठवडाभर घरी नेतो. हातगाडीवर घालून मीच नेऊन दिलं. तो आठवडा त्यांचं दार लोटलेलं असायचं. बायको म्हणाली, "दुरुस्ती चाललीय आणि हातोडीचा आवाज कसा नाही?" मी तिला समजावलं, हल्ली सरसाने चिकटवतात, आवाज येत नाही. खोकं परत आणलं तेव्हा मिस्तरींच्या बोटांवर बारीक लाल ठिपके होते.

"प्लायनी फास लागनी," ते म्हणाले. फास म्हणजे लाकडाचं कुसळ. जाताना डिसमिस आमच्याकडेच ठेवून गेले. "ऱ्हाऊ दे तुनापाशी. मना काय भरोसा."

गेल्या थंडीत त्यांची मुलगी त्यांना शिरपूरला घेऊन गेली. खोकला होता, आठ दिवसांत येतो म्हणाले होते. आले नाहीत; गेल्याचा निरोप आला. त्यांच्या खोलीत आता दुसरं कुटुंब आहे. भिंतींना त्यांनी गुलाबी रंग दिलाय आणि दिवसभर टीव्ही चालू असतो.

सोनल नोकरीसाठी बंगळूरला गेली. तिकडे खोकी आयती मिळतात. आमची पॅसेजमध्येच राहिली. डाव्यावर बायको इस्त्रीचे कपडे ठेवते. उजव्यावर काही ठेवत नाही. मी सांगितलेलं नाही, तीही बोललेली नाही.

परवा शिरपूरहून मिस्तरींच्या मुलीचा फोन आला. आईची एक अर्धवट गोधडी होती, बाबांच्या सामानात सापडली नाही, तुमच्याकडे आहे का? मी म्हणालो, आहे, पाठवतो. दुपारी चादर काढली, डिसमिस घेतला, आठ स्क्रू सोडवले आणि स्पीकर दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर उलटा ठेवला.

गोधडी आत होती. मी कोंबली होती तशी नाही. चार पदरी, नीट घडी घातलेली. बाहेर काढून पॅसेजमध्ये पसरली. अर्ध्यापर्यंत आक्काचे टाके, मुंग्यांच्या ओळींसारखे. अर्ध्यापासून पुढे सुताराच्या जाड पेन्सिलीने आखलेल्या सरळ रेघा, काटकोनाच्या गुण्याला लावून मारलेल्या. त्या रेघांवर मोठे मोठे टाके, खिळे ठोकल्यासारखे, एकेक बोटाच्या अंतरावर. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. तिथे गाठ.

सुई दिसेना. मी घडीत शोधली, खोक्यात हात घालून चाचपलं. मग उलट्या ठेवलेल्या स्पीकरकडे लक्ष गेलं. त्याच्या पाठीवरच्या लोहचुंबकाला सुई चिकटलेली होती, सरळ, मधोमध. नाकात वीतभर लाल दोरा.

मी मिस्तरींच्या मुलीला फोन लावला आणि सांगितलं, गोधडी अर्धवट नाही, पूर्ण आहे, आणि ती कुठे आहे. सगळं सांगितलं, माझ्या गाढवपणासकट. ती म्हणाली, "मग तिथेच राहू द्या, काका."

मी गोधडी होती तशी घडी घालून आत ठेवली. सुईला हात लावला नाही. आठ स्क्रू पिळले. मग बायको स्वयंपाकघरात आहे याची खात्री केली, बोट वाकवलं, दोनदा टकटक केलं, मान डावीकडे झुकवली, डोळे मिटले.

मला काहीच कळलं नाही. भरेल की रिकामं, काही नाही. म्हणून पुन्हा ठोकलं.

"कोण आलंय हो?" बायकोने आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हणालो.